पहिले पिस्तूल हाती घेण्यापूर्वी

स्मशानभूमीच्या जागेवरून, सरपंचपदाच्या आरक्षणावरून, नाहीतर आंतरजातीय लग्नावरून गावात धमक्या सुरू झाल्या की आपला एखादा तरुण कार्यकर्ता विचारतो, पिस्तुलाचे लायसन्स मिळेल का? हा प्रश्न ऐकून दोन प्रकारची माणसे दचकतात. ज्यांच्या वाड्यात पिढ्यान्‌पिढ्या बंदूक भिंतीला टांगलेली आहे, त्यांना आपल्या हातातले शस्त्र म्हणजे कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न वाटतो. आणि आपल्यातलेच काही म्हणतात, बाबासाहेबांनी लेखणी दिली, तुम्हाला पिस्तूल कशाला? आम्हाला ही दोन्ही मते मान्य नाहीत. कायद्याने शस्त्र मागणे हा गुन्हा नाही आणि कमीपणाही नाही. पण लायसन्स मिळाल्याच्या दिवशी काम संपत नाही, त्या दिवशी जबाबदारी सुरू होते. आपल्या सभांमध्ये हा दुसरा भाग कोणी सांगत नाही, म्हणून हा लेख.

आधी कायदा. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंध नियम, १९९५ यातला नियम ३ प्रत्येक कार्यकर्त्याने वाचला पाहिजे. जिथे अत्याचार घडण्याची शक्यता आहे, तिथे राज्य सरकारने काय करायचे हे त्यात लिहिले आहे. गरज पडल्यास अनुसूचित जाती-जमातीबाहेरच्या लोकांचे शस्त्रपरवाने रद्द करून शस्त्रे जमा करून घ्यायची, बेकायदा शस्त्रे जप्त करायची, आणि आवश्यक वाटल्यास आपल्या लोकांना शस्त्रपरवाने द्यायचे. या तरतुदीचा क्रम लक्षात घ्या. आधी हल्लेखोराचे शस्त्र काढून घ्यायचे, मग पीडिताला द्यायचे. आपण मात्र पहिली मागणी विसरतो आणि दुसरीच करतो. धमकी आली की तक्रारीबरोबरच जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करा की नियम ३ लावा, गावातल्या परवान्यांची तपासणी करा.

अर्ज करायचा तर वय २१ पूर्ण हवे. 'तुझ्याकडे जमीन नाही, मालमत्ता नाही, तुला पिस्तूल कशाला' असे कोणी तोंडावर म्हणाले तर गप्प बसू नका. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाचे कलम १४ सांगते की पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. नकाराची कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि कलम १८ खाली अपील करता येते. भूमिहीनाच्या जिवाची किंमत सातबाऱ्यावर ठरत नाही, हे कायद्यानेच मान्य केले आहे.

पण शस्त्र हा मूलभूत हक्क नाही, हेही तितकेच खरे. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत एच. व्ही. कामथ यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती सुचवली. बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही. तसा हक्क सरसकट दिला की तो चोर-दरोडेखोरांनाही मिळतो. आणि या देशात सरसकट शस्त्र मिळाले असते तर ते आधी कोणाच्या हातात गेले असते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. म्हणून शस्त्र परवान्यानेच मिळते. परवाना म्हणजे विश्वास, आणि तो मोडणारा आपला असला तरी आम्ही त्याची बाजू घेणार नाही.

आता प्रत्यक्ष पिस्तूल. सेमी ऑटोमॅटिक पिस्तूल रिव्हॉल्व्हरपेक्षा वेगळे असते. एकदा चाप ओढला की एक गोळी सुटते. त्या धक्क्याने वरची स्लाइड मागे जाते, रिकामे काडतूस बाहेर फेकते आणि पुढे येताना मॅगझीनमधले नवे काडतूस चेंबरमध्ये ढकलते. म्हणजे प्रत्येक गोळीनंतर हे शस्त्र आपोआप पुन्हा भरले जाते. नवखा माणूस मॅगझीन काढतो आणि समजतो की पिस्तूल रिकामे झाले. तसे नसते. चेंबरमध्ये एक गोळी राहिलेली असू शकते, आणि ती एकच गोळी घरातल्या पोराचा जीव घ्यायला पुरेशी आहे.

म्हणून रिकामे करण्याचा क्रम पाठ करा. नळी सुरक्षित दिशेला, बोट चापापासून दूर. आधी मॅगझीन काढा, मगच स्लाइड पूर्ण मागे ओढून अडकवा. चेंबर डोळ्यांनी पाहा आणि बोटाने चाचपून खात्री करा. क्रम उलटा केला, म्हणजे आधी स्लाइड ओढली आणि नंतर मॅगझीन काढले, तर पहिली गोळी बाहेर पडेल पण दुसरी आत जाऊन बसेल. तुमच्या हातात भरलेले पिस्तूल असेल आणि तुम्ही ते रिकामे समजत असाल.

बाकीचे नियम थोडे आहेत, पण त्यांना सूट नाही. प्रत्येक शस्त्र भरलेलेच आहे असे समजा. ज्यावर गोळी झाडायची नाही त्याच्याकडे नळी वळवू नका. मारायचे ठरेपर्यंत बोट चापावर नेऊ नका. लक्ष्याच्या मागे कोण आहे ते पाहा, कारण वस्तीतल्या पत्र्याच्या भिंती गोळी अडवत नाहीत. चाप ओढूनही गोळी सुटली नाही तर नळीत डोकावू नका. नळी सुरक्षित दिशेला धरून अर्धा मिनिट थांबा, कारण काडतूस उशिरा पेटू शकते. सेफ्टीच्या खटक्यावर विसंबू नका, तो बिघडू शकतो. २०१६ च्या शस्त्र नियमांत सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र सांगितले आहे. ते ओळखीने मिळवण्याचा कागद समजू नका. रेंजवर जा, शिका, सराव ठेवा. ज्याला सरावाचे पैसे आणि वेळ काढता येत नाही, त्याने पिस्तूल घेऊ नये असे आम्ही स्पष्ट सांगतो.

घरात शस्त्र कुलपात, काडतुसे वेगळ्या कुलपात, किल्ली फक्त परवानाधारकाकडे. भावाला, मित्राला, साहेबाच्या पोराला 'जरा बघू दे' म्हणून देणे हाही परवान्याचा भंग आहे. घरात कोणी निराशेत असेल, दारूचे व्यसन असेल, नवरा-बायकोची भांडणे हातघाईवर येत असतील, तर त्या घरात पिस्तूल आणू नका. बाहेरचा शत्रू येईल तेव्हा येईल, घरातला धोका रोजचा आहे.

आणि मिरवणूक. १४ एप्रिल असो, ६ डिसेंबरची चैत्यभूमी असो की दीक्षाभूमी, तिथे पिस्तूल न्यायचे नाही. जत्रा, धार्मिक मिरवणूक, सार्वजनिक जमाव आणि शाळा-कॉलेजच्या आवारात शस्त्र न नेण्याची अट परवान्यातच असते. आनंदाच्या भरात हवेत गोळीबार केला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कमरेचे पिस्तूल दाखवणारी एक रील पुरते. परवाना जातो, आणि गावातल्या अत्याचाराच्या केसमध्ये समोरचा वकील तोच व्हिडिओ दाखवतो. तुमच्या पाच सेकंदांच्या रुबाबाची किंमत एखाद्या पीडित कुटुंबाने का मोजावी?

स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे, पण त्याला मर्यादा आहे. पोलिसांकडे जायला वेळ होता तर तो हक्क नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा केली तरी नाही. शिवाय जमाव चालून येतो तेव्हा मॅगझीनमधल्या सात-आठ गोळ्या वस्ती वाचवत नाहीत. वस्ती वाचते ती वेळेवर नोंदलेल्या एफआयआरने, कलम १५अ खाली मागितलेल्या साक्षीदार संरक्षणाने, आणि रात्री एका फोनवर जमणाऱ्या माणसांनी.

२० मार्च १९२७ ला महाडमध्ये आपल्या लोकांवर हल्ला झाला, तेव्हा त्या परिषदेला लष्करात नोकरी केलेली माणसे हजर होती. लढायचे कसे, हे त्यांना शिकवावे लागणार नव्हते. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. हल्लेखोरांवर खटला झाला, आणि चवदार तळ्याचा दावा १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयात आपण जिंकलो. त्या दिवशी संताप अनावर झाला असता तर सत्याग्रहाऐवजी दंगलीची नोंद इतिहासात राहिली असती. ते सैनिक भित्रे नव्हते. हात कधी उचलायचा नाही, हे त्यांना कळत होते.

तेव्हा जिवाला खरा धोका असेल तर अर्ज जरूर करा, नाकारला तर अपील करा, आम्ही सोबत आहोत. पण पिस्तूल मिळाल्यावर ते कुलपात ठेवण्याची, लपवून वागवण्याची आणि आयुष्यभर न वापरण्याची तयारी असेल तरच करा. ती तयारी नसेल तर आधी ती करा. पिस्तूल नंतर.

जयभीम!