यंत्रमानव आणि जिना

गुरुग्रामच्या गगनचुंबी इमारतींत आगीच्या तोंडी जवानाआधी यंत्र जावे, ही अपेक्षा रास्तच. मे 2022 मध्ये मुंडक्याच्या आगीत 27 बळी गेले आणि आठवडाभरातच दिल्ली सरकारने दोन दूरनियंत्रित अग्निशमन यंत्रमानव दाखल केले. सोहळा झालाच! वाहनतळ, गोदामांत ते उपयोगी, अडचण जिन्याची. मे 2015 मध्ये काळबादेवीच्या जुन्या इमारतीतील आगीने मुंबई अग्निशमन दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर यांच्यासह चार अधिकाऱ्यांचा बळी घेतला. तशा वस्तीतील अरुंद जिन्यांवर अवजड आयात यंत्राचे काय चालणार? अग्निशमन सेवांच्या आधुनिकीकरणासाठी केंद्राने 2023 मध्ये 5,000 कोटींची योजना आणली. संरक्षण संशोधन संस्थेचे अग्निसुरक्षा केंद्र तर दिल्लीतच, तिमारपूरला आहे. जिना चढणाऱ्या देशी यंत्राचे काम राज्यांनी या केंद्राकडे सोपवावे आणि त्याचा खर्च याच योजनेतून मागावा.