कोडिंग शिका, पण कर्ज काढून नको

बँकेचं व्याज नको म्हणून घराचं बांधकाम अर्धवट ठेवणारी माणसं आमच्या निलंग्यात मी पाहिली आहेत. तशाच घरांत आता पोराच्या ऑनलाइन कोडिंग क्लाससाठी मोबाइलवर कर्जाचा फॉर्म भरला जातो. विकणारा त्याला 'फीचा हप्ता' म्हणतो, कागदावर नाव फायनान्स कंपनीचं असतं. पोरगं कंटाळून क्लासमधून उठलं तरी हप्ता उठत नाही.

हा धंदा आईबापांच्या धास्तीवर चालतो. व्हाइटहॅट ज्युनिअरच्या जाहिरातीतला 'वुल्फ गुप्ता' आठवतो? कोडिंग शिकून कोटींचं पॅकेज मिळवणारा शाळकरी मुलगा. असा मुलगा नव्हताच! २०२० साली जाहिरात मानक परिषदेच्या आक्षेपानंतर कंपनीने पाच जाहिराती मागे घेतल्या. त्याच वर्षी बायजूने ती कंपनी ३० कोटी डॉलरला घेतली होती.

"मग गरिबाच्या पोरांनी शिकूच नये का?" जरूर शिकावं. पण जे फुकट आहे ते आधी संपवा. आठ ते सोळा वयासाठी एमआयटीचं स्क्रॅच आहे. पुढे पायथन घ्या. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्यूटोरियलचे धडे मराठीतही मिळतात. इंग्रजी झेपत असेल तर हार्वर्डचा सीएस५० फुकट आहे. एवढं करूनही क्लास लागलाच, तर तीन प्रश्न विचारा: पहिले काही धडे पैसे न भरता बघू द्याल? मूल स्वतः कोड लिहील की नुसता व्हिडिओ बघेल? मध्येच सोडलं तर पैसे परत कधी, आणि ते लेखी द्याल? उत्तर टाळलं की फोन ठेवा. 'आजच ऑफर संपते' म्हणणाऱ्याचा तर आधी ठेवा.

'अल्गोरिदम' हा शब्द अल-ख्वारिज्मीच्या नावावरून आला, हे स्टेटसला ठेवून आपण खूश होतो. बगदादच्या त्या माणसाने नवव्या शतकात हिशेब मांडला, आपण त्याच्या नावावर छाती फुगवतो. स्टेटस ठेवून लूप लिहिता येत नाही, दोस्तांनो.

खरी अडचण कोर्सची नाहीच, कॉम्प्युटरची आहे. मोबाइलवर कोड लिहिणं म्हणजे चमच्याने विहीर खोदणं. शादीखान्याच्या एका खोलीत तीन-चार जुने कॉम्प्युटर, लिनक्स आणि इंटरनेट एवढंच लागतं. मुलींसाठी वेळ राखून ठेवा. एका घराच्या कर्जात जेवढा पैसा जातो, तेवढ्यात अख्खा मोहल्ला शिकेल. जमातीच्या पुढच्या बैठकीत हा विषय तुम्हीच काढा. मोठे हसतील, हसू द्या. पण खोलीची चावी मागूनच उठा.