हिशेब मांडा, नाहीतर आमचं नाव प्रेक्षकांतून काढा

मुंबई सिटी एफसीचे मालक, वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन आणि अखिल भारतीय फुटबॉल महासंघ, या तिघांना सानगडी, तालुका साकोली, जिल्हा भंडारा येथून आम्हा चाहत्यांचा हा जाहीर इशारा. येत्या हंगामाचं पहिलं तिकीट विक्रीला येईल, त्याच्या आदल्या दिवसापर्यंत क्लबची मालकी कोणाकडे किती, डोक्यावर कर्ज किती आणि कोणाकोणाची देणी बाकी आहेत, हे मराठीत, जबाबदार माणसाच्या सहीनिशी जाहीर करा. ते झालं नाही तर आमच्याकडून एक रुपया मिळणार नाही आणि तुमच्या सामन्यासाठी आमच्या घरातला एकही टीव्ही लागणार नाही.

अंधेरीचं मैदान आमच्यापासून आठशे किलोमीटरहून लांब आहे. तिथल्या गॅलरीत आम्ही रोज बसत नाही, हे खरं. पण धान निघून बांध्या मोकळ्या झाल्या की संध्याकाळी कॉलेजातल्या पोरांच्या अंगावर जी आकाशी जर्सी दिसते, ती त्यांनी रोवणीच्या मजुरीतून घेतलेली असते. जाहिरातदारापुढे तुम्ही प्रेक्षकांचा आकडा ठेवता, त्यात ही पोरं मोजलेली असतात. आकड्यात धरता तर उत्तरालाही बांधील आहात.

प्रकरण काय आहे ते सरळ सांगतो. मँचेस्टर सिटी ज्यांच्याकडे आहे, त्या सिटी फुटबॉल ग्रुपनं नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबई सिटीतला ६५ टक्के हिस्सा घेतला. पुढची वर्षं सोन्याची गेली. २०२०-२१ मध्ये इंडियन सुपर लीगची शील्ड आणि चषक दोन्ही आले, २०२२-२३ मध्ये पुन्हा शील्ड, २०२३-२४ मध्ये पुन्हा चषक. एप्रिल २०२२ मध्ये रियाधला इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ असं हरवून आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सामना जिंकणारा हा पहिला भारतीय क्लब ठरला. त्या रात्री आम्ही झोपलो नव्हतो. आणि डिसेंबर २०२५ च्या अखेरीस तोच ग्रुप आपला हिस्सा सोडून निघून गेला. लीगचं भवितव्य अनिश्चित आहे, हे कारण सांगितलं गेलं आणि क्लब पुन्हा मूळ मालकांच्या हाती आला. क्लब बुडाला, असा आमचा आरोप नाही. तो उद्या बुडू लागला तर चाहत्याला कळण्याची कुठलीच सोय तुम्ही ठेवलेली नाही, हा आरोप आहे. मूळ मालकांनी पडत्या काळात क्लब सांभाळायला घेतला याची आम्हाला जाण आहे, म्हणूनच हा इशारा आधी दिला जातो आहे.

कारण असं निघून जाणं महाराष्ट्रानं फार पाहिलं. १९६२ पासूनचा महिंद्र संघ, म्हणजे पुढचा महिंद्र युनायटेड. २००५-०६ ची राष्ट्रीय लीग जिंकलेला हा संघ २०१० मध्ये कंपनीनं बंद केला. पुण्यात पिरामल समूहाचा पुणे एफसी २००७ मध्ये उभा राहिला, २०१२-१३ मध्ये आय-लीगमध्ये दुसरा आला आणि २०१५ मध्ये संपला. कल्याणी समूहाचा भारत एफसी तर एकच हंगाम टिकला. डीएसके शिवाजियन्स २०१७ मध्ये आय-लीगमधून गेला. मुंबई एफसी त्याच वर्षी खाली घसरला आणि पुन्हा वर आलाच नाही. या प्रत्येक संघाच्या मागे गोलकीपर होते, मैदानावर चुना मारणारे होते, मुलाला अकादमीत घालून शहरात खोली घेतलेले बाप होते. त्यांना कोणी विचारलं?

पण सगळ्यांत वाईट कहाणी एफसी पुणे सिटीची. २०१४ मध्ये बालेवाडीत सुरू झालेला हा क्लब पैशांच्या अडचणीत सापडून २०१९ मध्ये बंद पडला. लीगमधली त्याची जागा हैदराबादला गेली. हैदराबाद एफसीनं २०२१-२२ चा चषक जिंकला, आणि दोनच वर्षांत खेळाडूंचे पगार थकले, परदेशी खेळाडू निघून गेले, फिफानं नवे खेळाडू घ्यायला बंदी घातली. मग नवे मालक आले आणि २०२५ मध्ये तो संघ दिल्लीला हलवून त्याला नवं नाव दिलं. सहा वर्षांत एकच जागा तीन शहरं फिरली. तिन्ही शहरांत लोकांनी जीव लावला होता. मुंबई सिटीची जागा अशीच कुठल्या दुसऱ्या शहरात जाणार नाही, याची लेखी हमी आज कोणाकडे आहे?

महासंघानं यात हात झटकू नयेत. ९ डिसेंबर २०१० रोजी आयएमजी-रिलायन्सबरोबर १५ वर्षांचा, ७०० कोटींचा करार झाला, त्यातूनच पुढे ही लीग जन्मली. तेव्हा महासंघाचे अध्यक्ष होते प्रफुल्ल पटेल, आणि तेच भंडारा-गोंदियाचे, म्हणजे आमचे खासदार होते. सही झाली त्याच दिवशी संपण्याची तारीखही ठरली होती: ८ डिसेंबर २०२५. पंधरा वर्षं हातात होती. तरीही जुलै २०२५ मध्ये लीग स्थगित झाली, ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीनं पहिल्या संघाचे पगार थांबवले, चेन्नईयननं कामकाज थांबवलं, आणि नोव्हेंबरमध्ये व्यापारी हक्कांच्या निविदेला एकही बोली आली नाही. जानेवारीत छेत्री, झिंगन, गुरप्रीत अशा खेळाडूंना फिफाकडे मदत मागायची वेळ आली. फेब्रुवारी २०२६ मध्ये आखूड हंगाम सुरू झाला, पण त्यानं काहीच मिटलेलं नाही. महासंघात आज कल्याण चौबे अध्यक्ष आहेत. आधीच्यांनी करार केला आणि नंतरच्यांनी मुदत संपू दिली, या वादात आम्हाला रस नाही. खुर्चीवर जो आहे त्यानं उत्तर द्यावं.

आमच्या झाडीपट्टीत मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, रात्री नाटक ठेवणारं मंडळ नंतर तिकिटांचा जमाखर्च गावापुढे वाचतं. नाही वाचला तर पुढच्या साली त्या मंडळाला कोणी मांडव घालू देत नाही. तुमच्याकडे सनदी लेखापाल आहेत, वकील आहेत, तरी इतकं साधं होत नाही.

कागद नाहीत असं तर म्हणूच नका. खेळण्याचा परवाना मिळवताना क्लबला लेखापरीक्षित हिशेब आणि खेळाडूंची देणी फेडल्याचे पुरावे द्यावेच लागतात. जे कागद महासंघाच्या टेबलावर जातात, ते चाहत्यांपुढे ठेवा. त्याबरोबर हेही लिहून द्या की क्लबचं नाव, रंग, बोधचिन्ह आणि मुंबई हे गाव चाहत्यांच्या संमतीवाचून बदललं जाणार नाही, आणि संचालक मंडळात चाहत्यांनी निवडलेला एक माणूस मतासह बसेल. पगारात पहिला हक्क मैदान कामगारांचा आणि अकादमीतल्या मुलांवर राबणाऱ्यांचा. मोठ्या खेळाडूला वकील मिळतो, यांना मिळत नाही.

हे मागणं जगावेगळं नाही. जर्मनीत क्लबच्या सभासदांकडे निम्म्याहून जास्त मतं राहतील असा नियमच आहे. इंग्लंडमध्ये २०१९ मध्ये बरी हा जुना क्लब लीगबाहेर फेकला गेला, आणि अशा घटनांनंतर २०२५ मध्ये तिथल्या संसदेनं फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक नेमणारा कायदा केला. पोर्ट्समथच्या चाहत्यांनी तर २०१३ मध्ये पैसे गोळा करून बुडता क्लब स्वतः विकत घेतला. आपल्याकडे चाहत्यानं फक्त टाळ्या वाजवायच्या, हे आता चालणार नाही.

मुदत टळली तर काय होईल, ते नीट ऐका. सानगडी, साकोली, लाखनी, अर्जुनी मोरगाव इथं आमची जी पोरं आहेत, ती त्या हंगामात नवी जर्सी घेणार नाहीत, सामना पाहणार नाहीत. छातीवर ज्या कंपन्यांची नावं छापता, त्यांच्या प्रत्येक कार्यालयाला आम्ही टपालानं पत्र पाठवू आणि त्यांचा माल का घेत नाही ते लिहू. क्लब ही कंपनी आहे, तिचे दाखल कागद शंभर रुपये भरून कोणालाही पाहता येतात. ते काढू, मराठीत करू आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या फुटबॉल खेळणाऱ्या पोरांना वाचायला देऊ. महासंघ सरकारी अनुदान घेतो, त्यामुळे माहिती अधिकाराचा अर्ज तिकडे जाईल. परवाना देताना कोणते कागद तपासले, कोणी तपासले, कोणत्या क्लबला सवलत दिली, हे त्यात विचारलं आहे. उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, मग दुसरं.

अंधेरीत गाणाऱ्या वेस्ट कोस्ट ब्रिगेड या चाहत्यांच्या गटातल्या मित्रांना आमचं सांगणं आहे की आमच्या आधी तुम्ही हा लढा हातात घ्या, आम्ही मागे उभे राहतो. नाही घेतलात तरी आम्ही थांबणार नाही.

अर्ज आणि पत्रं लिहून तयार आहेत. तारखेची जागा तेवढी कोरी ठेवली आहे. तुमची तिकीटविक्री ज्या दिवशी सुरू होईल, तीच तारीख घालून ती साकोलीहून स्पीड पोस्टानं निघतील.