हाती नोंदलेली ऑर्डर आणि तिच्यावरचे शुल्क

ऑनलाइन दुकानाची सारी मांडणी एका गृहीतकावर उभी असते, ते असे की वस्तू निवडणारा, पत्ता लिहिणारा आणि पैसे भरणारा माणूस एकच असून तो हे सर्व स्वतःच्या हाताने करतो. लातूर जिल्ह्यातील शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्याच्या गावी हे गृहीतक फार काळ टिकत नाही. करडईचे तेल, तूरडाळ किंवा गूळ विकणाऱ्या दुकानाने संकेतस्थळ उघडले तरी साकोळ, येरोळ किंवा उजेड येथील ग्राहक बहुधा फोनच करतो, नाहीतर यादीचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो, आणि दुकानातला माणूस ती यादी संगणकात भरतो. दुकानदाराच्या बाजूने अशी नोंदलेली मागणी म्हणजे मॅन्युअल ऑर्डर. तिच्यावर मालाच्या किमतीखेरीज पोहोच, बांधणी, रोख वसुली अशी वेगळी शुल्के लावावीत काय, आणि लावायची तर ती कोणी व केव्हा ठरवावीत, याविषयी व्यापाऱ्यांत तीन मते ऐकू येतात. या तिन्ही मतांत तथ्याचा अंश आहे, पण तिन्ही जशीच्या तशी स्वीकारण्याजोगी नाहीत.

वाद समजण्यासाठी यंत्रणेचा एक तपशील आधी पाहिला पाहिजे. वूकॉमर्स या बहुप्रचलित प्रणालीत जादा शुल्क आपोआप लागते ते 'कार्ट'मध्ये, म्हणजे ग्राहकाने निवडलेल्या वस्तू जिथे जमतात त्या टप्प्यावर. किती रकमेपर्यंत पोहोच शुल्क घ्यायचे, रोखीने पैसे देणाऱ्याला किती आकार लावायचा, हे नियम तिथे तपासले जातात. हाती नोंदलेली ऑर्डर कार्टमधून जातच नाही, ती थेट व्यवस्थापकाच्या पडद्यावर जन्मते, त्यामुळे संकेतस्थळावर काटेकोरपणे चालणारे नियम तिच्या बाबतीत मुके राहतात आणि नोंदणाऱ्याला 'शुल्क जोडा' हे बटण दाबून आकडा स्वतः टाकावा लागतो. शॉपिफायमध्ये याच कामासाठी 'ड्राफ्ट ऑर्डर'मध्ये एखादी कल्पित वस्तू घालून तिला शुल्काचे नाव दिले जाते. तात्पर्य, एकाच दुकानात एकाच दिवशी दोन ग्राहकांना दोन न्याय लागू होण्याची सोय यंत्रणेतच आहे.

पहिले मत असे की वेगळे शुल्क मुळीच लावू नये, जो काही खर्च आहे तो किमतीतच मुरवावा, म्हणजे ग्राहकाला एकच आकडा दिसेल आणि घासाघीस उरणार नाही. हे मत दिसायला सोज्वळ असले तरी त्याचा भार चुकीच्या खांद्यावर पडतो, कारण दुकानात येऊन पिशवी घेऊन जाणारा शिरूरचा ग्राहक मग उजेडला जाणाऱ्या मोटारसायकलच्या पेट्रोलचेही पैसे भरतो. शिवाय छापील कमाल किमतीच्या पाकिटबंद मालात हा खर्च मुरवता येत नाही, कारण त्या किमतीपेक्षा जास्त दराने तो विकणे हा गुन्हा आहे. तेव्हा सगळा भार सुट्या मालावर येतो आणि गुळाच्या ढेपेला साबणाची पोहोच सोसावी लागते. मराठी वाचकाला तर वेगळ्या खर्चाची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. भारतीय टपाल खात्याने १८७७ मध्ये व्ही.पी. म्हणजे मूल्यदेय टपाल सुरू केले, पार्सल हाती पडताच पोस्टमनकडे पैसे देण्याची रीत रुळली, आणि पुस्तकांच्या जाहिरातींत किमतीखाली 'टपालखर्च वेगळा' ही ओळ येत राहिली. तिने कोणाची फसवणूक केली असे कोणी म्हटलेले नाही, कारण ती ओळ पत्र लिहिण्यापूर्वीच वाचलेली असे.

दुसरे मत याच्या उलट टोकाचे आहे. फोन घेणे, यादी लावणे, संगणकात भरणे यात नोकराचा वेळ जातो, तेव्हा फोनवरून आलेल्या प्रत्येक ऑर्डरीवर 'नोंदणी शुल्क' लावणे न्याय्यच आहे, असे त्याचे प्रतिपादक म्हणतात. परंतु मागणी घेणे हे दुकानाचे मूळ काम आहे. काउंटरवर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाची यादी ऐकून लिहिण्याबद्दल कोणी पैसे मागत नाही, मग त्याच गिऱ्हाइकाने साकोळहून तीच यादी फोनवर सांगितली तर मागण्याचे कारण उरत नाही. शुल्काचा आधार 'फोनचे श्रम अधिक' हा असेल तर रेल्वेचा अनुभव त्याला छेद देतो: १ सप्टेंबर २०१९ पासून आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावर काढलेल्या तिकिटावर बिगर-वातानुकूलित वर्गासाठी १५ आणि वातानुकूलित वर्गासाठी ३० रुपये अधिक कर असे सुविधा शुल्क पुन्हा लागू झाले, आणि खिडकीवर बसलेल्या कारकुनाच्या हातून मिळणारे तिकीट मात्र त्यातून मुक्त राहिले. माध्यमावरचे शुल्क हे खर्चापेक्षा धोरणाचे अपत्य असते, एवढे यावरून दिसते. महावितरणने दुसरी वाट धरली आहे. कागदी बिल नाकारणाऱ्या ग्राहकाला दर बिलामागे १० रुपयांची सूट दिली जाते, कागदी बिल घेणाऱ्यावर दंड बसत नाही. गणिताने दोन्ही एकच ठरतात हे खरे, पण शुल्काच्या प्रकारात ज्याच्या हाती साधा फोन आहे, ज्याला इंग्रजी पडदा वाचता येत नाही किंवा ज्याची दृष्टी अधू झाली आहे, त्याच्याकडून त्याच्या अडचणीचे पैसे घेतले जातात, आणि असा ग्राहक तालुक्याच्या गावी अपवाद नसून निम्मे गिऱ्हाईक असू शकतो. ऑर्डरीत खरोखर जादा काम असेल, उदाहरणार्थ एका पोत्याच्या पाच घरांसाठी पाच पिशव्या बांधायच्या असतील, तर त्या कामाचे नाव घेऊन शुल्क लावावे. फोनचे नाव घेऊन नव्हे.

तिसरे मत सर्वांत लोकप्रिय आहे आणि म्हणूनच सर्वांत जास्त तपासण्याजोगे आहे. नियम आंधळे असतात, दुकानदार ग्राहकाला ओळखतो, कोणाला शुल्क माफ करायचे, कोणाकडून थोडे जास्त घ्यायचे, हे त्याच्या हातावर सोडावे; ओळखीचा व्यापार असाच चालतो, असे हे मत सांगते. यातील माफीचा भाग कोणीही मान्य करील. पण ज्या हाताला माफ करण्याची मुभा आहे त्याच हाताला वाढवण्याचीही मुभा मिळते, आणि अशा मुभेचे काय होते याचा इतिहास या प्रदेशाला नव्याने सांगण्याची गरज नाही. शेतमालाच्या बाजारात शेतकऱ्याच्या हिशोबपट्टीतून म्हणजे विक्रीनंतर हाती येणाऱ्या हिशेबाच्या कागदातून आडत, हमाली, तोलाई कापली जाई. आडत म्हणजे अडत्याची दलाली आणि तोलाई म्हणजे वजन करण्याची मजुरी. ही कामे खरी होती, पण आकडे बाजारागणिक आणि माणसागणिक बदलत, आणि खऱ्या कामांच्या सोबतीने धर्मादायासारख्या कपातीही पट्टीत शिरत. वऱ्हाडात १८९७ साली कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला, लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शाही कृषी आयोगाने १९२८ च्या अहवालात नियंत्रित बाजारांची शिफारस केली, आणि लातूर ज्या हैदराबाद संस्थानात होते तेथे १९३० मध्ये कृषी बाजार कायदा आला. या सर्वांमागे ही जाणीव होती की कपात कोणत्या कामाची, किती दराने आणि कोणाकडून, हे सौदा होण्यापूर्वी जाहीर असले पाहिजे. महाराष्ट्राच्या १९६३ च्या पणन अधिनियमाने हीच चौकट पुढे नेली. फळे-भाजीपाल्यावरील आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असा निर्णय मात्र २०१६ च्या जुलैत यावा लागला आणि त्यावर व्यापाऱ्यांनी बंदही पुकारला, यावरून नुसता दर जाहीर झाल्याने भार कोणावर हा प्रश्न मिटत नाही हेही ध्यानात येते. ऑर्डरीच्या पडद्यावरील 'शुल्क जोडा' हा रिकामा चौकोन म्हणजे त्या जुन्या पट्टीची कोरी ओळच होय. तिच्यात काय लिहावे हे नोंदणाऱ्याच्या त्या दिवसाच्या मनःस्थितीवर सोडणे याला ओळखीचा व्यापार म्हणणे हा शब्दांचा अपव्यय आहे.

कायद्याचा कलही याच बाजूला आहे. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० नुसार विक्रेत्याने एकूण किंमत एकाच आकड्यात सांगून तिची फोड द्यावी लागते, आणि त्या फोडीत पोहोच, टपाल, हाताळणी यांचे सक्तीचे व ऐच्छिक आकार तसेच कर दाखवावे लागतात. ऑर्डर फोनवर आली म्हणून हे बंधन सुटते असा युक्तिवाद कोणी केलाच, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाने टेलिशॉपिंगने खरेदी करणाऱ्यालाही ग्राहक मानले आहे याचे स्मरण द्यावे लागेल. ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अधिसूचित झालेल्या मार्गदर्शक तत्त्वांनी ग्राहकाला भुलवणाऱ्या मांडणीचे तेरा प्रकार नोंदवले, त्यांत न विचारता यादीत वस्तू वा आकार घुसवणे आणि किंमत थेंबाथेंबाने उघड करणे हे दोन आहेत. उपाहारगृहांनी बिलात सेवा शुल्क आपोआप जोडू नये ही २०२२ ची तत्त्वेही दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये उचलून धरली.

तेव्हा स्वीकारार्ह भूमिका अशी: हाती नोंदलेल्या ऑर्डरीवर शुल्क लावण्यास हरकत नाही, मात्र ते संकेतस्थळावरील ऑर्डरीला लागणाऱ्या त्याच नियमाने, दुकानाच्या सेटिंगमध्ये आगाऊ बसवलेले, कामाच्या नावाने ओळखले जाणारे आणि ग्राहकाच्या होकारापूर्वी सांगितलेले असावे. नियम मॅन्युअल ऑर्डरीलाही लागू करणारी जोडप्रणाली म्हणजे प्लगइन घेता येते. ती परवडत नसेल तर दरांचा तक्ता भिंतीवर लावून तोच आकडा प्रत्येक वेळी भरणे एवढ्यानेही काम भागते. होकाराची सोय तर यंत्रणेत आहेच, कारण ऑर्डर 'पैसे बाकी' या स्थितीत ठेवून तिचा संपूर्ण हिशेब पैसे भरण्याच्या लिंकसह ग्राहकाला पाठवता येतो. ज्याला लिंक उघडता येत नाही त्याला तीच बेरीज फोनवर वाचून दाखवावी.

टक्केवारीच्या शुल्काविषयी मात्र विशेष सावध राहिले पाहिजे. वूकॉमर्समध्ये चौकोनात '२%' असे लिहिले की प्रणाली त्या क्षणीच्या एकूण बेरजेवर, म्हणजे कर आणि पोहोच धरून, टक्केवारी काढते. ₹१,००० चे करडई तेल, त्यावर ५ टक्क्यांनी ₹५० कर आणि करासह ₹४२ पोहोच अशी ₹१,०९२ ची बेरीज असेल तर शुल्क ₹२० न येता ₹२१.८४ येते, आणि नंतर यादीतून एखादा डबा कमी केला तरी तो आकडा गोठलेलाच राहतो. कराचा प्रश्नही असाच दुर्लक्षिला जातो. २०१७ च्या केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियमाच्या कलम १५ नुसार माल देण्यापूर्वी वा देताना विक्रेत्याने घेतलेला बांधणीसारखा आनुषंगिक आकार मालाच्या मूल्यातच धरला जातो, म्हणून तेलासोबतच्या पोहोच शुल्कावर तेलाचाच दर लागतो. शुल्क 'करमुक्त' म्हणून नोंदवणे आणि सेवा समजून सरसकट १८ टक्के लावणे या दोन्ही चुका सारख्याच आहेत. डिजिटल पैसे स्वीकारल्याचे शुल्क तर यूपीआयच्या बाबतीत निराधार ठरते, कारण पैसे स्वीकारल्याबद्दल व्यापाऱ्याकडून बँकेने कापायची रक्कम १ जानेवारी २०२० पासून यूपीआय व रुपे डेबिट कार्डांसाठी शून्य आहे. उलट रोख वसुलीचा आकार समर्थनीय आहे, कारण कुरिअर कंपनी तो दुकानदाराकडून घेतेच.

शेवटचा आक्षेप परताव्याचा. शुल्क स्वतंत्र ओळीत असल्यामुळे परतावा देताना ती ओळ ठेवायची की सोडायची हे वेगळे ठरवता येते, आणि काही दुकानदार नेमक्या याच सोयीसाठी खर्च किमतीतून काढून शुल्कात टाकतात, जेणेकरून माल परत आला तरी तेवढी रक्कम गल्ल्यात राहावी. ग्राहकाने मन बदलून ऑर्डर परत पाठवली असेल तर पोहोच शुल्क राखून ठेवण्यात गैर नाही, कारण मोटारसायकल येरोळपर्यंत जाऊन आलेली असते. तेलाचा डबा गळका निघाला किंवा यादी भरताना दुकानातल्याच माणसाने तुरीऐवजी मूग लिहिला असेल, तर शुल्काची ओळही मालाच्या ओळीसोबत परत गेली पाहिजे, आणि हाही नियम दरांच्या त्याच तक्त्यावर लिहिलेला असावा.