चरबीतल्या पेशी आणि अब्बांचे हृदय

श्रीरामपूरकडच्या एका भगिनीचे पत्र आहे. अब्बांना हार्ट अटॅक येऊन वर्ष झाले, जिना चढताना दम लागतो. पोटाची चरबी काढून तिच्यातल्या स्टेम सेल सोडल्या की हृदय पुन्हा नवे होते, असे कुणी सांगितले. खर्च काही लाख. भाईजान शेत विकायला निघाले आहेत.

बहन, आधी त्यांना थांबवा.

चरबीत अशा पेशी असतात, हे खरे आहे. २००१ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी ते दाखवून दिले. अटॅकमध्ये हृदयाचा जो स्नायू मरतो, तिथे व्रण राहतो. या पेशींतून पाझरणाऱ्या द्रव्यांमुळे तिथे बारीक रक्तवाहिन्या फुटतील, अशी संशोधकांना उमेद होती. १४ रुग्णांवर प्रयोग झाला. तो निर्धोक ठरला, पण १४ माणसांवरून निकाल देता येत नाही. पुढे युरोपात १३३ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. त्यात दात्यांच्या चरबीतल्या पेशी वापरल्या होत्या. अपाय झाला नाही, पण हृदयाची ताकदही वाढली नाही.

म्हणून हा अजून इलाज नाही, प्रयोग आहे. आपल्याकडे आयसीएमआरच्या २०१७ च्या नियमांनुसार रक्ताच्या काही आजारांसाठीचे पेशीरोपण सोडून बाकी सारे स्टेम सेल उपचार फक्त नोंदणीकृत चाचणीतच करता येतात, आणि त्यासाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत.

तेव्हा भाईजानांनी सांगणाऱ्याला दोनच गोष्टी विचाराव्यात. चाचणीचा सीटीआरआय नोंदणी क्रमांक काय? आणि प्रयोग असेल तर पैसे कशाचे? उत्तर टाळले, की सलाम करून उठावे.

अब्बांना हृदयरोगतज्ज्ञांकडे न्या, इको करून घ्या. गोळ्या स्वतःहून बंद करू नका. मीठ कमी, तंबाखू बंद. लोणचे-पापड ताटातून काढा. अँजिओप्लास्टी किंवा बायपास लागलीच, तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ती बसते. रेशनकार्ड, आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राला भेटा.

शेत घराला जगवते. खोट्या उमेदीवर ते जाऊ देऊ नका. अल्लाह अब्बांना शिफा देवो.