कोयता कुणाच्या नावावर?

मा. कुलगुरू,
श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठ, मुंबई.



बीड जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी मनुष्यबळ व्यवस्थापन शिकवते. यंदा एका मुलीच्या प्रवेश अर्जात आईच्या व्यवसायापुढे ‘गृहिणी’ लिहिलं होतं. आई घरीच असते का, मी विचारलं. म्हणाली, “सहा महिने ऊसतोडीला असते, मॅडम. पण कोयता पप्पांच्या नावावर आहे.”

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, जोडीची; मजूर पुरवणाऱ्या मुकादमाच्या वहीत नाव बहुधा नवऱ्याचं. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रॉलीवर चढते. कोपीवर, म्हणजे राहत्या झोपडीवर, आल्यावर चूलही तिचीच. खाडा पडला की दंड, त्यामुळे पाळीतही विसावा नाही. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत बीडमधल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्या वेळी बरीच चर्चा दवाखान्यांभोवती फिरली. मला या शस्त्रक्रियांमागे खाडा-दंडाचा हजेरीचा नियमही दिसतो.

कामाचे नियम कुणाला धरून आखतात, हा प्रश्न माझ्या विषयात जुनाच आहे. कंपन्यांमध्ये मूठभर स्त्रियांच्या वाट्याला काय येतं, हे समाजशास्त्रज्ञ रोझाबेथ मॉस कँटर यांनी १९७७ मध्ये दाखवलं. १९९० मधल्या निबंधात समाजशास्त्रज्ञ जोन ॲकर आणखी खोलात गेल्या: ‘नोकरी’ ही कल्पनाच अशा कामगारासाठी आखलेली असते, ज्याला ना बाळंतपण, ना घरचं काही बघायचं. पुढे २००६ मध्ये त्यांनी वर्ग आणि वंशही याच मांडणीत गुंफले. आपल्याकडे तिथे जात आणावी लागेल. पण कोयत्याचं गणित त्याहून वेगळं आहे. इथे बाईचं अंग धरूनच काम मोजतात, तिच्याशिवाय कोयता पुरा होत नाही, आणि तरी वहीत ती नाही. ॲकर वाचताना मला हे राहून राहून जाणवतं. हे वेगळेपण लिहायचं काम आपण इथल्यांनीच करायला हवं.

देशातलं पहिलं स्त्री अभ्यास संशोधन केंद्र १९७४ मध्ये नीरा देसाई यांच्या पुढाकाराने आपल्याच विद्यापीठात उभं राहिलं, म्हणून हे पत्र आपल्याला. व्यवस्थापन आणि स्त्री अभ्यास या दोन्ही विभागांनी मिळून एक विषय सुरू करावा. त्यात ॲकर यांच्या निबंधाशेजारी मुकादमाची वही वाचायला ठेवावी.

दिवाळीच्या सुमारास आमच्याकडून ऊसतोड कामगारांच्या गाड्या भरून निघतात. त्याआधी विद्यार्थिनींना ती वही बघायला पाठवा. त्यांच्या राहण्या-जेवणाची सोय मी करते.

आपली,
एक प्राध्यापिका