सदुसष्ट की साठ सात?

२०१९ च्या जूनमध्ये बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकातील 'साठ सात'वरून महाराष्ट्रभर गदारोळ उठला. मराठी इंग्रजाळली, असा आरोप झाला. विधानसभेतही थट्टा झाली. जोडाक्षरांनी भरलेली संख्यानामे मुलांना जड जातात, हे गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांचे म्हणणे शांतपणे ऐकणारे थोडेच निघाले.

आमचा आक्षेप या आरोपावरच आहे. दशक आधी, एकक नंतर ही शिस्त इंग्रजीला जन्मजात नाही. 'थर्टीन'पासून 'नाइन्टीन'पर्यंत तिथेही एकक पुढेच आहे. 'इलेव्हन' आणि 'ट्वेल्व्ह' म्हणजे मुळात दहा काढल्यावर 'एक उरला', 'दोन उरले'. जुन्या इंग्रजीत २१ ला 'एक आणि वीस' म्हणत. आजची रीत मागाहून रुजली. म्हणून इंग्रजी बुडाली नाही. जर्मन मूल तर आजही ६७ ला 'सात आणि साठ'च म्हणते.

'साठ सात' ही साहेबाची उसनवारी मानणाऱ्यांनी भिवंडीत कामतघरला यावे. यंत्रमागांच्या या शहरात तेलुगू कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. त्यांच्या घरी ६७ म्हणजे 'अरवै एडु'. शब्दशः साठ सात! त्या घरातले मूल मराठी वर्गात 'सदुसष्ट' ऐकते, सात आधी कानी पडले म्हणून ७६ लिहिते, आणि आपण त्याला मठ्ठ ठरवून मोकळे होतो. दोष मुलाचा की शिकवणाऱ्यांचा?

तथापि 'सदुसष्ट' मोडीत काढावे, हेही आम्हांस मान्य नाही. बाजारात, घरात, व्यवहारात तोच शब्द चालतो. तो न येणारे मूल उद्या परकेच राहील. शिवाय तो शब्द निरर्थक नाही: संस्कृत 'सप्तषष्टि'तून तो आला, त्यात सातही आहे, साठही आहे. 'एकोणीस' म्हणजे एक उणे वीस; लॅटिनमध्येही १९ ला 'विसातून एक उणे' असेच म्हणत. पण हे वर्गात सांगतो कोण? आपण पाढ्यांसारखे घोकून घेतो आणि त्यालाच परंपरा म्हणतो.

'साठ सात' ही शिडी आहे, 'सदुसष्ट' हे घर. शिडी काढून घेऊन मुलाला घरात ये म्हणणे, हे भाषाप्रेम नव्हे.